मिळाले, उत्तर दिले

दोन शास्त्रज्ञांची पत्रं मराठीत आणायचं काम सरांनी अंगावर घेतलं आणि निम्मं माझ्या गळ्यात मारलं. दोघंही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. एक इथल्या किनाऱ्यावर हवेचा दाब मोजणारा, दुसरा विलायतेत बसून शंका काढणारा. सर मला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. आता ते ठाण्यात एकटे राहतात, मी डोंबिवलीत. पत्रांचं काम पत्रांनीच करायचं, फोन नाही, असा त्यांचा हट्ट. मीही तो मुकाट्यानं पाळला.

पण मला त्या पत्रांचा काही अर्थ लागेना. मी ती तारखेनुसार लावली होती. इथला कळवतो, बॅरोमीटर फुटला. त्यावर तिकडचा म्हणतो, यंत्र उत्तम चाललंय हे वाचून आनंद झाला. इथल्याचं मूल दगावतं, तर पुढच्याच पत्रात तिकडून मूल झाल्याबद्दल अभिनंदन! हा माणूस वेडा की निर्दय? माझं डोकं पार भंजाळलं.

त्याच वैतागात सरांचा मसुदा हातात आला. ओळीच्या ओळी गाळलेल्या. मी आंतरदेशीय पत्रात खरमरीत लिहिलं, "सर, मूळ कागद न बघताच लिहिता की काय?" आणि पेटीत टाकून दिलं. दोनच दिवसांत त्यांचं कार्ड आलं. "आता माझ्याच्यानं होणार नाही. तू पूर्ण कर." अक्षर वेडंवाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. रागानं लिहिलंय हे उघड होतं. मग मीही रुसले. दोन महिने.

पत्रांच्या मागच्या बाजूच्या झेरॉक्स मी बिनकामाच्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. एका दुपारी त्या सहज चाळल्या. प्रत्येकीवर, पत्र ज्याला आलं त्याच्या हातची नोंद होती: मिळाले अमुक दिवशी, उत्तर दिले तमुक दिवशी. जहाजाला पाच-पाच महिने लागत. मी ज्याला उत्तर समजत होते ते उत्तर नव्हतंच. अभिनंदन करणाऱ्याला मूल गेल्याचं ठाऊकच नव्हतं.

मग मी सरांचं कार्ड काढलं. त्यावरचा शिक्का माझ्या पत्राच्या आदल्या दिवशीचा होता. मी खजील झाले. पण मग ते का थांबले, हे काही कळेना.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेले. दार स्वयंपाकाच्या बाईंनी उघडलं. माझा आवाज ऐकून सरांनी मान वळवली, पण नजर माझ्या शेजारच्या कपाटाकडे.

"आलीस? बस. डोळे गेले गं. शेवटी शेवटी कागद हलायचा नुसता."

त्यांनी चाचपडत खण उघडला आणि माझं पत्र पुढे केलं. न फोडलेलं. पाठीवर मोठ्या तिरक्या अक्षरात 'मिळाले' एवढंच होतं.

"बाई म्हणाल्या, वाचून दाखवते. म्हटलं, नको, ती येईल. वाच आता."

मी पत्र फोडलं. ती ओळ तिसरीच होती. मी थांबले.

"काय झालं? ओळ गाळू नकोस हं."

मी वाचली.

सरांनी चाचपडत खण लावला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं."