पुसून टाकण्याचा मान

आमच्या निवास-न्याहारीच्या चार खोल्या सून चालवते. पाहुण्यांच्या नोंदी, त्यांची ओळखपत्रं, जेवणाची मागणी सगळं ती क्लाउडवर ठेवते, म्हणजे दूरच्या कुठल्याशा कॉम्प्युटरात. तिथलं आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर दिसतं.

सुरुवातीला तिने माझ्या धाकट्या दिराला फक्त बघण्याचा अधिकार दिला. माझा नवरा गेल्यापासून घरात मोठा पुरुष तोच. तो फुगून बसला. "माका नुसता बघूचा? मी काय पावणो आसंय?"

सून घाबरली आणि तिने त्याला सगळे अधिकार दिले. मग एकालाच कसे द्यायचे, म्हणून होडी चालवणाऱ्या पुतण्याला दिले, मलाही दिले. मानाचे नारळ वाटावेत तसे.

नाताळच्या तोंडावर दिराच्या मोबाइलात जागा उरली नाही. त्याने नोंदी पुसल्या, वर पुसलेलं जिथे साठतं ती कचरापेटीही रिकामी केली. त्याला वाटलं, आपल्याच मोबाइलातलं जाईल. सगळ्यांचंच गेलं. सुनेने आठवून आठवून पुन्हा लिहिलं, तरी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं सामान घेऊन अंगणात उभी राहिली. एका कुटुंबाला माझी खोली दिली आणि मी स्वयंपाकघरात झोपले.

आणि दीर काय म्हणतो? सुनेला जमत नाही, तिच्याकडून काम काढून घ्या. पुतण्यानेही मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. पुसलं कोणी, आणि घालवायचं कोणाला?

"पालखीत तू अब्दागीर धरतंस," मी म्हटलं. "गाभाऱ्यात जातंस काय रे? थंय तुझो मान कमी होता?"

काम सुनेकडेच राहील, हेही मी तिथेच सांगून टाकलं.

तिने अधिकार पुन्हा वाटले, ज्याच्या त्याच्या कामापुरते. पुतण्याला होडीच्या फेऱ्या दिसतात. मला ताटं किती आणि मासे कोण खात नाही, एवढंच. लोकांची ओळखपत्रं मला हवीत कशाला? पुसण्याचा अधिकार तिने स्वतःच्या रोजच्या खात्यातूनही काढला. खरंच पुसायचं असेल तेव्हा वेगळं खातं उघडते. सासूचा काढून स्वतःचा ठेवला असता, तर मी ऐकवलंच असतं.

दिराला कुठली खोली कधी भरली आहे ते दिसतं. तो ते उघडत नाही. रोज संध्याकाळी मी सुरमईला मसाला लावत असते, तेव्हा दारात येऊन विचारतो, "उद्या कितके आसत?"

मोबाइलात बघ, म्हणते मी. त्याला कोणीतरी तोंडाने सांगायला हवं असतं, त्यातच त्याला मान वाटतो. मी सांगत नाही.