पडद्याकडे पाठ

रामण्णा मास्तर सिनेमाला तबला वाजवायचे, पण सिनेमा बघायचे नाहीत. हुबळीतल्या आमच्या पत्र्याच्या थिएटरात ते पडद्याकडे पाठ करून बसत आणि प्रेक्षकांच्या तोंडांकडे बघत वाजवत. मूकपटांचे दिवस होते. पडद्यावर मजकुराची पाटी आली की ती मोठ्याने वाचायची, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, हे माझं काम. धारवाडहून नुकताच आलो होतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मास्तर, चित्र न बघता ठोका कळतो कसा?"

"चित्रात काय बघायचं? एकदा बघितलं की पाठ," असं म्हणून त्यांनी समोरच्या रिकाम्या बाकांकडे हात केला. "भीती तिकडं नसती बघा. इकडं असती."

खुनी सुरा घेऊन दाराआड उभा आहे, बाई दिवा घेऊन येते आहे, अशा जागी इतर तबलजी धडाधड बडवत सुटायचे. मास्तरांचा हात उलट मंद होत जाई, आणि मग ते तो उचलूनच घेत. थिएटरात फक्त यंत्राची घरघर. पाटी वाचायला मी तोंड उघडलं की ते पुटपुटत, "तडी, तडी." म्हणजे थांब, थांब. कुणी हलत नसे, खोकत नसे. शेवटी डग्ग्यावर एकच थाप पडे आणि अख्खं थिएटर किंचाळे.

"खुनी कुठं आहे ते लोकांना ठाऊक, त्या बाईला नाही. एवढं पुरतं," ते सांगत. "पण धरलेला श्वास आपणच सोडवायचा. तसाच टाकून उठलो तर माणसं एकमेकांना तुडवतील."

यंत्र चालवणारा बसप्पा त्यांचा दोस्त. दोघेही कमरीपेठेतले. मागच्या भिंतीत उंचावर यंत्राची खोली होती, तिला काचेची एक लहान खिडकी. नवं रीळ चढवलं की बसप्पा तिथून हात दाखवी. त्याच्याकडे तोंड करून बसलेले मास्तर तेवढे त्याला उत्तर देत.

त्या रविवारी दुपारचा खेळ खच्चून भरला होता. खुनाचा प्रसंग आला, मास्तरांनी हात उचलला. पडद्यावरचं चित्र थरथरून जागीच थिजलं. फिल्म अडकली होती. थाप मात्र पडेना. मी मास्तरांकडे पाहिलं. ते लोकांच्या डोक्यांवरून त्या खिडकीकडे बघत होते. काचेमागे लाल उजेड हलत होता. त्या काळची फिल्म कापरासारखी पेटायची. बायकांच्या बाजूला एकच अरुंद दार होतं, आणि सगळे श्वास धरून बसले होते.

मास्तरांनी वरातीचा ठेका धरला. खुनाच्या प्रसंगात वरात! क्षणभर लोक गांगरले, मग हसू फुटलं. कुणीतरी शिट्टी मारली. ओठ न हलवता मास्तर मला म्हणाले, "मध्यंतर सांग. बायका आधी. हसत सांग."

मी ओरडलो, "मध्यंतर! मालकांना मुलगा झालाय, बाहेर पेढे वाटतायत! बायकांनी आधी या!"

लोक खिदळत उठले. मास्तर हसऱ्या तोंडाने वाजवतच होते. खिडकीची काच तडकून ज्वाळा बाहेर आल्या तेव्हा शेवटची रांग दाराशी पोचली होती. मी मास्तरांना दंड धरून बाहेर ओढलं. बसप्पा आतच राहिला. खोलीचं दार अडकलं होतं.

गावाने मास्तरांचा सत्कार ठरवला. ते गेले नाहीत. मी घरी गेलो तर भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याचे दोन्ही हात काचेवर होते. तो मला बघत होता आणि मी हसत वाजवत होतो. ओरडलो असतो तर चार गडी दाराला लागले असते. लागले असते की नाही, सांग."

मला ते अरुंद दार आठवत होतं.

तेरावा झाल्यावर बसप्पाची बायको गौरव्वा आली. मी तिथेच होतो. मास्तरांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुम्हाला ते दिसले होते?" तिने विचारलं.

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "दिसला, गौरव्वा."

"हाक मारत होते?"

"आवाज आला नाही. हात आपटत होता."

तिने तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "मी आत होते त्या दिवशी. पोरीला मांडीवर घेऊन. तुम्ही वरातीचं वाजवलंत, तेव्हा पोरगी खदखदून हसली. तिला बघून मीही हसले."

ती पाणी न पिताच उठली. दाराशी थांबून तिने मास्तरांना वाकून नमस्कार केला, आणि पुन्हा कधी त्या गल्लीत आली नाही.

मास्तर पुढे सहा वर्षं जगले. थिएटर नवं झालं, बोलपट आले. लोक त्यांना खेळ बघायचं आमंत्रण द्यायला येत. ते हात जोडत आणि म्हणत, "मला सगळं दिसलंय."