काटा की खडी

अध्यापिका विद्यालयात आम्हाला मराठी शिकवणारे एक सर होते. गोष्टीचा विषय वेगळा आणि आशय वेगळा, हे ते घसा ताणून सांगायचे. विषय म्हणजे गोष्ट कशावर आहे. आशय म्हणजे ती शेवटी काय सांगते. एकदा माझी गोष्ट त्यांनी वर्गात वाचली आणि फळ्यावर लिहिलं: विषय, दुष्काळ. आशय, माणसाची जिद्द.

जिद्द म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याकडचं आमचं अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं. पण आम्ही पडलो जमीनवाले. आपल्या घरातली बाई गावच्या रस्त्यावर हातोडा घेऊन बसलेली दिसली तर नाक कापलं जाईल, असं दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आईला लांबच्या कामावर पाठवलं, जिथं कुणी ओळखीचं नाही. गावात सांगितलं, "राहुरीला माहेरी गेलीय." स्वतः मात्र घरीच राहिले. बैलांकडं कोण बघणार, म्हणाले. बैल तर सरकारी चारा छावणीत होते.

तिकडं खडीची कपची उडाली आणि आईचा डावा डोळा गेला. ती परत आली तेव्हा दादांचं उत्तर तयारच होतं: माहेरी सरपण तोडताना बाभळीचा काटा लागला. इतक्या सफाईनं सांगायचे की ऐकणाऱ्याला तो काटा दिसावा. आई पदर डोळ्यावर ओढून घ्यायची.

माझ्या गोष्टीत हे सगळं जसंच्या तसं होतं. दुष्काळ नुसता भोवताली होता. दादांनी ती ऐकावी आणि आईला एकदा तरी म्हणावं, तुझा डोळा माझ्या ताठ्यापायी गेला. मला एवढंच हवं होतं. सुट्टीत घरी गेले आणि ओसरीवर दोघांना बसवून वाचून दाखवली.

दादांनी मान डोलावली. "दुष्काळ लई झ्याक लिवलाय. आगदी तसाच हुता."

तेवढ्यात शेजारची काकू विरजण मागायला आली. काय वाचताय, म्हणाली.

"पोरीनं दुष्काळावर गोष्ट लिवलीय," दादा कौतुकानं म्हणाले.

"दुष्काळावर न्हाई," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यावर हाय."

दुसऱ्या माणसासमोर ती त्या डोळ्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होती. काकू दादांकडं बघायला लागली. आता तरी हा माणूस बोलेल, असं मला वाटलं.

"व्हय, व्हय," दादा हसले. "त्यो काटा लागल्याचंबी घेतलंय तिनं."

काकू हळहळली आणि विरजण घेऊन गेली. दादा पान लावायला बसले.

"तू खडीच लिवलीस न्हवं?" आईनं हळूच विचारलं.

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे तशीच."

दादांनी चुन्याची डबी मागितली. आईनं पदर डोळ्यावर ओढला आणि डबी आतून आणून त्यांच्या हातात दिली.