नवी काच आणि माझा हट्ट

काच चिकटवायच्या काळ्या गोंदाचा वास आला की मला फरीदाबादची ती दुपार आठवते. गाडीची तडकलेली पुढची काच बदलून आम्ही थेट मुलासाठी मुलगी बघायला निघालो. मिस्त्रीनं बजावलं होतं, "बाऊजी, गोंद गीला है, आज दरवाज़ा ज़ोर से मत मारना." बायको लगेच म्हणाली, "ऐकलंत? तुम्हाला दार आपटल्याशिवाय लावताच येत नाही!" मला लागलं ते. म्हटलं, "मग मी उतरतच नाही." मुलीच्या दारात पोचलो तरी गाडीतच बसून राहिलो. मुलगा रडवेला झाला, "बाबा, चला ना यार, स्थळ जाईल हातचं!" तेवढ्यात बायकोकडून दाराचं प्रकरण ऐकून मुलगीच बाहेर आली आणि हसत म्हणाली, "काका, तुम्ही नुसते उतरा, दार मी लावते." लावलं, आणि आवाजसुद्धा नाही. माझा होकार तिथंच झाला. मुलाला मात्र अजून वाटतं, पसंती त्याची होती.