बोअर नंबर सातचा धोंडा

लागीर, उतारा, अंगात येणं... सगळ्याची टर उडवणारा माणूस मी. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पाया डिझाइन करतो. माती दाखवेल तेवढंच मानायचं, एवढंच शिकलोय. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितो.

गेल्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी आमचा सर्व्हे चालू होता. बोअर नंबर सातला वीस मीटर खोल गेलो तरी नुसता गाळ, खडकाचा पत्ता नाही. मला पटेना. म्हणून भर दुपारी ओहोटीला, गाळावर फळी टाकून, लोखंडी सळई खुपसून आजूबाजूला तपासत होतो. सोबत आमचे होडीवाले पांडूकाका, साठीचे.

"पानी फिरलाय साहेब. चला."

"भरतीच्या टेबलात अजून वीस मिनिटं आहेत, काका. एकच पॉइंट."

सळई अडकली. ती उपसायला काका फळीवरून उतरले आणि मांड्यांपर्यंत रुतले. माझ्या हट्टापायी... मी फळीवर पालथा पडून त्यांना काखेत धरून ओढत होतो. हलेनात. पाणी कमरेला आलं, मग छातीला. फळी तरंगायला लागली, आता जोर लावणार कशावर? होडी लांब, मोबाईलला रेंज नाही. चाळिशीचा बाप्या मी, ढसाढसा रडत होतो.

"सोड मला पोरा. तू तरी जा. घरी सांग कायतरी."

"नाही सोडणार, काका."

पाणी हनुवटीला लागलं. आणि काकांचा चेहरा एकदम बदलला. "पायाखाली धोंडा लागला... ओढ आता." पायरीवर चढावं तसे ते वर आले. होडीपर्यंत कसे पोचलो, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी जीपीएस लावून त्याच जागी सळई सोडली. आपल्याच वजनाने खाली गेली. चारही बाजूंनी केलं — धोंडा सोडा, शिंपलासुद्धा लागला नाही.

काकांना विचारलं. 

"धोंडा न्हवता साहेब. धोंडा एका जागी ऱ्हातो. हा खालून वर येत व्हता."

काय होतं ते मला आजही माहीत नाही. सात नंबरवर आता पवनचक्कीचा पोलादी खांब ठोकायचाय, ड्रॉइंगवर माझी सही हवीय. जागा पन्नास मीटर सरकवा म्हणून मी मेल केलाय. ऑफिसने कारण विचारलंय... रोज उत्तर लिहायला बसतो. खरं कारण लिहिता येत नाही, आणि सही करायला हात धजत नाही.