नकाशात उत्तर खाली होती

हे आजवर मी कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही. आढेवेढे घ्यायची मला सवय नाही, तरी बघा — अर्धा तास पेन हातात घेऊन बसलेय आणि मधेच उठून स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसून आले.

मी शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. त्यामुळे मखमलाबादकडच्या आमच्या शेतात घर बांधायचं ठरलं आणि नकाशा आला, तेव्हा सगळ्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. सासूबाईंची एकच अट होती. जन्मभर त्यांनी पहाटे झेंडू तोडून फूलबाजारात नेला. आता गुडघे गेले. "मला उगवतीची खोली दे. डोळं उघडलं की वाफा दिसला पाहिजे. बाकी तुमचा बंगला तुम्हाला लखलाभ."

मी कागदावर उजवीकडच्या खोलीवर बोट ठेवलं. "ही तुमची." नकाशात वर उत्तर, उजवीकडे पूर्व — मुलांकडून किती वेळा घोकून घेतलंय! कोपऱ्यात दिशेचा बाण होता की. मी पाहिला नाही. पाहायची गरजच वाटली नाही, हे जास्त खरं.

आखणीच्या दिवशी शेतावर मी आणि काशिनाथ मिस्त्री, दोघंच. सुरगाण्याकडचा माणूस, शाळा चौथीपर्यंत. त्याने जमिनीवर चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारल्या आणि सासूबाईंची खोली आली पश्चिमेला. मी आवाज चढवला. त्याने माझ्या हातातला कागद नुसता उलटा फिरवला.

"ताई, बाण पाहा ना. उत्तर खाली हाय. रस्ता उत्तरेला, म्हणून नकाशावाल्या साहेबानं तसा काढलाय." मग हसला. "अजून फक्कीच हाय. पायानं पुसू, खोली तिकडं घेऊ. घरी इचारा फक्त."

घरी विचारा. म्हणजे घरी सांगा — की भूगोलाच्या बाईंना दिशा कळल्या नाहीत. एका फोनचं काम होतं. का नाही केला? मी म्हणाले, "राहू द्या. नकाशात आहे तसंच करा."

एवढ्यावर थांबलं असतं तर आज लिहायला बसले नसते.

स्लॅब टाकून झाला, भिंती उभ्या राहिल्या, आणि सासूबाई काठी टेकत पहिल्यांदा घर बघायला आल्या. चारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर. "ही तर मावळती हाय गं! माझा वाफा कुठाय?"

नवरा, दीर, जाऊ — सगळे माझ्याकडे बघायला लागले. काशिनाथही तिथेच होता. आणि मी बोलले, "मी पूर्वच सांगितली होती. मिस्त्रीने आखणी फिरवली."

किती सहज! वर्गात हजेरी घ्यावी तितकं सहज.

तो ओरडला नाही. "ताई, नकाशा काढा," एवढंच म्हणाला.

"घरी राहिला," मी म्हणाले. नकाशा माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या खांद्याला होती — आणि तो पर्सकडेच बघत होता.

नवऱ्याने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. दिराचं घरही तोच बांधणार होता, तेही गेलं. त्याने आपली थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि रस्त्याकडे चालायला लागला. मी हाक मारली नाही.

पूर्वेला स्वयंपाकघर आहे. ओटा, नळ, पाइप — आता काही हलत नाही. सासूबाईंची भिंत दुपारपासून तापते. अडीच वाजले की त्यांची खाट जिन्याखाली ओढावी लागते. एक टोक त्या धरतात, एक मी.

"त्या मेल्या काशिनाथनं वाटोळं केलं," त्या रोज म्हणतात.

मी "हं" म्हणते आणि खाट ओढते.