ठळक शब्द आला की थांबायचं

गेल्या वर्षी गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाने आईला स्वतःचं काहीतरी लिहून वाचायला सांगितलं. आई मखमलाबादच्या मळ्यातली, फुलं पिकवणाऱ्या घरची. गप्पांत कुणाला हार जायची नाही, पण माइकसमोर कधी उभी राहिलेली नव्हती. तिने झेंडूच्या तोडणीच्या आठवणी सांगितल्या आणि बाबांनी त्या दोन बोटांनी टाइप केल्या. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांना असलं काम हवंच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "अक्षरं बारीक पडतात गं. जरा मोठी करून दे."

मी पुस्तकांची मांडणी करून पोट भरते. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! परिच्छेदांना स्टाइल असते, म्हणजे अक्षरांचा ठरवून दिलेला साचा. तिच्यात एकदा आकार बदलला की सगळीकडे बदलतो. मी बदलला. अर्धा मजकूर मोठा झाला, अर्धा ढिम्म. बाबांनी एकेक ओळ निवडून हाताने आकार दिला होता, आणि हाताने दिलेल्यापुढे स्टाइलचं काही चालत नाही. शिवाय मधूनच काही शब्द ठळक केलेले, तेही भलतेच. "मग", "तेवढ्यात", "आणि". असली फाइल पाहिली की माझं डोकं फिरतं. बाबा भाजी आणायला गेले होते, नाहीतर तिथेच वाद झाला असता. मी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवली, दुसऱ्या प्रतीतलं हाताने केलेलं सगळं फॉरमॅटिंग पुसलं आणि प्रिंट काढली. पानं कशी स्वच्छ दिसत होती.

आईने वाचायला घेतलं ते घाट उतरणाऱ्या ट्रकसारखं. दुसऱ्या पानावर धाप लागली, ठसका लागला, आणि तिने कागद टेबलावर टाकले.

"नाय जमायचं. बाया लय हसतील. मी जातच नाय."

तेवढ्यात बाबा पिशवी घेऊन आत आले. त्यांनी कागद उचलून पाहिले.

"ठळक शब्द कुठे गेले?" ते म्हणाले. "अगं, ठळक आला की थांबायचं, श्वास घ्यायचा, असं ठरलंय आमचं. रोज तशीच तर तालीम करतोय."

माझा चेहराच पडला. मूळ फाइल पुन्हा उघडली. त्या ठळक शब्दांसाठी वेगळी स्टाइल करावी, सगळं रीतसर बसवावं, असं फार वाटलं. पण आई साडी नेसायलाही उठत नव्हती. मग जे मी कुणालाही करू देत नाही तेच केलं: सगळा मजकूर निवडला आणि हाताने आकार वाढवला. ठळक शब्द जागच्या जागी राहिले.

संध्याकाळी हॉलमध्ये आईने छान वाचलं. "मग" आला की थांबायची, चष्म्यावरून शेवटच्या रांगेत बघायची. तिथे बाबा बसले होते. ते छाती भरून श्वास घ्यायचे, तिच्या बरोबरीने, आणि मग ती पुढे जायची. मला इतकं बरं वाटलं की टाळ्या वाजवायचंही राहून गेलं.

आता मंडळाला आईकडून दुसरा लेख हवाय. बाबा टाइप करताहेत, एकेक ओळ निवडून, हाताने. मी चहा नेऊन ठेवते आणि स्क्रीनकडे न बघता परत येते.